शेल्फ की रेस्ट? रिकर्व्हवरच्या अकरा आठवड्यांच्या नोंदी

४ जून

आधी सामान सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, सुटं करता येणारं धनुष्य. लाकडी राइजर, म्हणजे मधला हँडलचा भाग. २८ इंच ओढल्यावर ४५ पौंडांचा जोर. माझी ओढही नेमकी २८ इंच. बाण कार्बनचे, ५०० स्पाइन (बाणाच्या ताठपणाचं माप), साडेएकोणतीस इंच लांब, पुढे १७५ ग्रेनचं टोक (ग्रेन हे वजनाचं बारीक माप), मागे चार इंची तीन पिसं. सगळं मिळून बाण ४६० ग्रेनच्या आसपास, म्हणजे पौंडामागे दहा ग्रेनचा नेहमीचा हिशेब बसतो. मी उजव्या हाताचा, तिन्ही बोटं नॉकच्या (बाणाच्या मागच्या, दोरीत बसणाऱ्या खाचेच्या) खाली ठेवून ओढणारा. डावखुऱ्यांनी या नोंदींतलं प्रत्येक 'डावं-उजवं' उलटं वाचावं.

तयारी हंगामासाठी आहे. परवाना असेल तिथे, असेल तेवढ्याच दिवसांत. माझी मर्यादा १८ मीटर. त्यापुढचं हरीण फक्त बघायचं.

अडचण अशी की बाण सरळ जात नाही. सुटल्या सुटल्या शेपटी वर उडते, मग खाली, मग परत वर. पंधरा मीटरवर सहा बाणांचा घोळका जेवणाच्या ताटाएवढा. टोकं साधी आहेत म्हणून एवढ्यावर निभावतंय. पुढे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावला की त्याची पाती हवेत स्वतःच सुकाणू धरतात आणि असा उड्या मारणारा बाण कुठेही जातो.

राइजरच्या शेल्फवर, म्हणजे हाताच्या वरच्या कोरलेल्या पायरीवर, विकतानाच एक जाड चामडं चिकटवलेलं आहे, बाण त्यावर टेकवून मारायचा. दोष त्याचाच, असं मी आज ठरवून टाकलं. शेल्फवरून मारणं ही जुन्या लोकांची हौस, आपण नीट रेस्ट, म्हणजे बाण टेकवायचा वेगळा आधार, लावू, असा विचार.

(हे चुकीचं होतं. कळायला जुलै उजाडला. नोंद होती तशीच ठेवतोय.)

७ जून

आज रक्त निघालं. बाण शेल्फवर असला की तो डाव्या हाताच्या तर्जनीच्या सांध्यावरूनच जातो. पिसाच्या काडीचं पुढचं टोक शाफ्टला (बाणाच्या दांड्याला) नीट चिकटलेलं नसेल तर ते ब्लेडसारखं कापतं. चाळिसाव्या बाणाला जाणवलं की हँडल चिकट का लागतंय. बघतो तर सांध्यावर अर्ध्या सेंटिमीटरची बारीक चीर आणि बाणाच्या पांढऱ्या पिसावर लाल रेघ.

संध्याकाळी बाराही बाण घेऊन बसलो. प्रत्येक पिसाची पुढची काडी बारीक पॉलिशपेपरने उतरती केली, त्यावर सुपरग्लूचा एक थेंब, सुकल्यावर परत पॉलिशपेपर. नख फिरवलं की अडकलं नाही पाहिजे, हीच चाचणी. दोन तास गेले. बाण विकत घेतले त्याच दिवशी हे करायला हवं होतं. हातमोजा घालून मारणारे याला उपाय सापडला असं समजतात, पण काडी हातमोजाही फाडते आणि बाणाचा मार्गही बिघडवते.

१० जून

पहिला रेस्ट: चिकटवायचा प्लास्टिकचा, एक छोटा हात बाहेर आलेला, साधनं लागत नाहीत. शेल्फच्या वर साधारण १२ मिलिमीटर उंचीवर बसवला. उंचीचा मुद्दा असा की पिसं खाली शेल्फला लागू नयेत. बाण उचलला म्हणून नॉकिंग पॉइंटही, म्हणजे नॉक कुठे बसवायचा ते ठरवणारी दोरीवरची कडी, तेवढाच वर सरकवला, टी-पट्टीने (दोरीवर बसणाऱ्या काटकोनी पट्टीने) मोजून.

पहिला बाण सोडला आणि मी मोठ्याने हसलो. इतका सरळ. दहा बाण मारले, दहाही सरळ. पिसांऐवजी प्लास्टिकचे व्हेन्स लावलेले दोन जुने बाण होते तेही मारून पाहिले, तेही ठीक. शेल्फवरून व्हेन्स मारता येत नाहीत, ते दबत नाहीत आणि आपटून बाणाला लाथ घालतात. इथे मधे मोकळी जागा आहे, त्यामुळे चालतात.

मला वाटलं होतं बाण हातापासून वर गेल्यामुळे नेम बदलेल. फारसा बदलला नाही. अँकर (ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) तोच, डोळा तोच, बाणाचं मागचं टोक गालाशी तिथेच येतं. बदलतं ते हाताला जाणवणारं. शेल्फवर असताना बोट दाखवल्यासारखं वाटायचं, आता बाण कुणीतरी वरून धरलाय असं वाटतं. सवय होईल.

आज झोपताना प्रश्न सुटला असं वाटत होतं.

१३ जून

आवाज. कार्बनचा शाफ्ट प्लास्टिकवर घासत मागे येतो तेव्हा एक बारीक कुईऽऽ निघतं. मैदानात लक्षात आलं नाही, आज सकाळी वारा पडलेला असताना ऐकू आलं. आता ऐकू आलं म्हणजे प्रत्येक वेळी ऐकू येणार.

उपाय म्हणून रेस्टच्या हातावर मऊ, लोकरीसारखी चिकटपट्टी लावली. कुईऽ गेलं. पण पट्टीच्या जाडीने बाण मिलिमीटरभर वर आणि बाजूला सरकला, म्हणजे नॉकिंग पॉइंट परत. अर्धा दिवस.

१९ जून

रात्रभर पाऊस, सकाळी धुकं. मुद्दाम अशाच हवेत गेलो. अकराव्या बाणाला पूर्ण ओढ घेतली, अँकरला आलो आणि रेस्ट राइजरवरून सुटला. चिकटपट्टीच्या बाजूने पानासारखा उलगडत गेला. बाण खाली शेल्फवर पडला, ठक्. सोडला नाही, हळूच दोरी परत आणली. बरं झालं बोटांनी घाबरून सोडलं नाही.

दोष रेस्टचा नाही, माझा. राइजरला मी दर महिन्याला मेण लावतो आणि चिकटवण्याआधी फक्त फडक्याने पुसलं होतं. मेणावर कुठलाच गोंद टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा दोनदा पुसायची, बोट लावायचं नाही, रेस्ट दाबून धरायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. असं करून चिकटवलेला दुसरा रेस्ट पुढच्या पावसात हलला नाही. तरी मनात बसलं ते बसलंच. दोन तास झाडाला टेकून बसल्यावर समोर हरीण आलं आणि तेव्हा ठक् झालं तर?

२४ जून

राइजरला प्लंजरसाठी पितळी आट्यांचं भोक आहेच, ५/१६-२४ चं, जे सगळीकडे चालतं. ते रिकामं बघून हात शिवशिवत होते. प्लंजर आणि त्याच्याबरोबर चुंबकावर परतणारा तारेचा रेस्ट आणला.

प्लंजर म्हणजे बाणाच्या बाजूला टेकलेली स्प्रिंगवरची खुंटी. व्हिक बर्जर यांच्या नावावरून अजूनही कित्येक जण त्याला बर्जर बटण म्हणतात. दोरी बोटांवरून सुटते तेव्हा बाण बाजूला वाकतो आणि राइजरवर दाबला जातो, तो दाब ही खुंटी गिळते. स्प्रिंग घट्ट-सैल करून आणि खुंटी आत-बाहेर करून बाणाच्या स्पाइनमधली थोडी चूक झाकता येते.

तार जास्त लांब होती. वरून पाहिलं तर बाणाच्या पलीकडे दोन मिलिमीटर दिसत होती. तेवढी कापली, टोक कानशीने गोल केलं. हे न केल्यास पिसांची खालची बाजू दर बाणाला तारेवर खरडते.

२ जुलै

खोटं कशाला बोलू, आजवरचे सगळ्यात चांगले घोळके याच आठवड्यात पडले. पंधरा मीटरवर सहा बाण तळहाताखाली झाकतील इतके. चाचणीचा बिनपिसाचा बाण पिसाच्या बाणाशेजारी जाऊन बसतो, म्हणजे जुळणी बरोबर. मैदानावर नेम धरून मारणाऱ्याला मी हाच जोड सांगेन आणि पुढचं काही वाचू नका म्हणेन.

आता जंगलाचं. मी धनुष्य उजवीकडे झुकवून मारतो, घड्याळात एक वाजतो तितकं, झुडपाखालून मारताना दोन वाजतो तितकं. एक वाजतो तितक्या झुकावापर्यंत बाण बटणाला टेकून राहतो. दोनवर असताना बोटं थंडीने आखडलेली असली, दोरीला जरा पीळ बसला की बाण तारेवरून बाहेर घसरतो. घसरला की आधी तारेवर टिक्, मग शेल्फवर ठक्.

आणि आज बाभळीसारख्या काटेरी झुडपातून सरकत गेलो, एका फांदीने तार ओढून खाली वाकवली. मला कळलंही नाही. पुढचा बाण टार्गेटच्या खालून गेला, दगडावर आदळला. शाफ्ट हातात वाकवून पाहिला तर चिरल्याचा आवाज. मोडून टाकला. चिरलेला कार्बन परत दोरीवर चढवला तर सुटताना तो आपल्याच हातात घुसतो, त्यामुळे इथे काटकसर नाही.

५ जुलै

धाकट्या भावाला कामाला लावलं. तो माझ्या मागे पंधरा पावलांवर, पाठ करून उभा. मी टार्गेटकडे तोंड करून बाण चढवायचा, ओढायचा, न सोडता परत आणायचा. त्याला काही ऐकू आलं तर हात वर. प्रत्येक मांडणीवर दहा वेळा. मधेच नुसतं उभं राहायचं, म्हणजे त्याने अंदाजाने हात वर करू नये.

उघडा प्लास्टिक रेस्ट: दहापैकी नऊ. "दादा, ओढलंस ना आत्ता? उंदीर पायाखाली आल्यासारखं वाजलं."

पट्टी लावलेला प्लास्टिक रेस्ट: दोन.

तारेचा रेस्ट: ओढताना तीन, पण बाण चढवताना तार चुंबकावर परत येते ते टिक् मात्र आठ वेळा. तारेवर उष्णतेने आकसणारी बारीक नळी चढवली, टिक् अर्ध्यावर आलं, गेलं नाही.

मग गंमत म्हणून रेस्ट काढून बाण शेल्फच्या जुन्या चामड्यावर ठेवला. चार. चामडं कोरडं, कडक झालेलं होतं. चामड्यावर जुन्या कपड्याचा मऊ तुकडा टाकला. शून्य.

भाऊ म्हणाला, "मग इतके दिवस काय करत होतास?" त्याला चहाला बोलावलं आणि विषय बदलला.

८ जुलै

पिसांचा रेस्ट. दोन-तीन जाड पिसांचे तुकडे एकावर एक चिकटवून केलेला छोटा ठोकळा, बाण त्यावर टेकतो. आवाज नाही, मोडायला काही नाही, बाणाचं उड्डाण छान. वाईट एवढंच की सरींत भिजला की बसतो आणि तीनशे-चारशे बाणांनंतर त्यात खाच पडते, म्हणजे बाणाची उंची हळूहळू उतरत जाते आणि तुम्ही स्वतःच्या नेमाला दोष देत बसता. कोरड्या हवेत मारणाऱ्याला वाईट नाही. मी आठवड्यात काढला.

१५ जुलै

आजची नोंद महत्त्वाची. बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.

पिसांचा रेस्ट काढला, जागा पुसली आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून बाण उघड्या चामड्यावर ठेवून मारायला लागलो. नॉकिंग पॉइंट खाली आणायला विसरलो. रेस्टसाठी लावलेला, म्हणजे शेल्फपासून मोजला तर तब्बल २२ मिलिमीटर वर.

बाण शेपटी वर करून गेला. पण उड्या मारल्या नाहीत. तिरका गेला आणि तिरकाच राहिला, टार्गेटमध्ये नॉक वर करून रुतला. चार मारले, चारही एकाच कोनात. जूनमधला बाण असा नव्हता. तो वर-खाली-वर नाचायचा आणि दर वेळी वेगळा रुतायचा.

तिथेच बसलो आणि जूनची वही काढली. मे महिन्यात धनुष्य घेतलं तेव्हा शेपटी वर जाते असं दिसलं होतं. पुस्तकी नियम असा की शेपटी वर म्हणजे नॉकिंग पॉइंट जास्त वर, तो खाली घ्या. मी घेतला. परत वर दिसली, परत खाली घेतला. तीनदा. ४ जूनला तो शेल्फच्या काटकोनापासून जेमतेम ३ मिलिमीटर वर होता.

तो खोटा सांगावा होता. नॉक फार खाली असला की बाणाची मागची बाजू सुटताना शेल्फवर दाबली जाते, आपटते आणि वर उसळते. बघणाऱ्याला दिसते फक्त वर गेलेली शेपटी. तो बिचारा नॉक आणखी खाली घेतो, बाण आणखी जोरात आपटतो. मी बरोबर या चकरीत होतो. उंच रेस्ट लावल्यावर सगळं सुधारलं, कारण खाली आपटायला शेल्फच उरला नव्हता. रेस्टने माझी चूक झाकली आणि मी त्याला उपाय समजलो.

पाच आठवडे.

१६ जुलै

उतरणीचं काम, वरून खाली. पितळी कडी काढून टाकली, तिच्याजागी दोरीवर धाग्याची गाठ बांधली. धाग्याच्या गाठीचा फायदा असा की ती दोरीच्या गुंडाळीवर नटासारखी फिरते, एका वेढ्याला थोडीशी सरकते. पितळी कडी पकडीने सोडवून परत दाबावी लागते, आणि माझ्यासारखा माणूस ती कटकट नको म्हणून 'चालेल' म्हणतो.

बिनपिसाचा बाण, दहा मीटर. २२ मिलिमीटर: नॉक वर. १८: वर, कमी. १६: किंचित वर. १४: सपाट. १२: सपाट. १०: ठीक वाटला पण एखादा वेगळा. ८: नाच सुरू.

म्हणून १४ वर थांबलो. तिन्ही बोटं खाली ठेवणाऱ्याला नॉक जरा वरच लागतो, बोटं नॉकच्या दोन बाजूंना ठेवणाऱ्याला कमी लागेल, त्याने माझा आकडा उचलू नये. पद्धत उचलावी: मुद्दाम भरपूर वरून सुरुवात करायची आणि सपाट होईपर्यंत खाली यायचं. खालून वर कधीच नाही, कारण खाली खोटं दिसतं.

दुसरी गाठ नॉकच्या खालीही बांधली. तिन्ही बोटं खाली असली की ओढताना नॉक दोरीवरून खाली सरकू शकतो, नुसती वरची गाठ त्याला अडवत नाही. दोन गाठींमध्ये कागद सरकेल इतकी फट ठेवली. घट्ट बसवल्या तर पूर्ण ओढीला दोरीचा कोन झाला की त्या नॉकला चिमटतात.

२० जुलै

आता शेल्फचाच आकार. जुनं चामडं सपाट आणि चार सेंटिमीटर लांब होतं. बाण तेवढ्या लांबीवर टेकणार, पिसंही तेवढ्या लांबीवरून घासत जाणार. हवा तो एक छोटा उंचवटा, तोही हँडलच्या सगळ्यात खोल भागाच्या, म्हणजे अंगठा-तर्जनीच्या बेचक्याच्या बरोबर वर. तिथे हात थोडा पिळला गेला तरी बाणाला कमीत कमी जाणवतं.

जुनं चामडं केसांच्या ड्रायरने गरम करून सोललं. खालचा गोंद काढायला तासभर. मग गूल उडवलेली आगकाडी आडवी चिकटवली, बाणाला काटकोनात, आणि तिच्यावरून वेल्क्रोची मऊ बाजू. खरखरीत बाजू चुकूनही नको. शेल्फला लागून असलेल्या राइजरच्या उभ्या भिंतीवर त्याच रेषेत उभी टूथपिक आणि वरून पातळ चामडं. बाण आता दोनच ठिकाणी टेकतो, खाली एक, बाजूला एक.

पहिल्यांदा काडी एक सेंटिमीटर पुढे बसली. लक्षात आलं तेव्हा गोंद सुकला होता. परत ड्रायर.

२२ जुलै

बाजूच्या भिंतीने नवा प्रश्न आणला. टूथपिक अधिक चामडं मिळून तीन मिलिमीटर जाडी झाली, बाण मध्यरेषेपासून डावीकडे ढकलला गेला. बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे जायला लागला, चांगला वीतभर. उजव्या हाताच्या माणसाला याचा अर्थ बाण ताठ वागतोय. बाण मध्यरेषेपासून जितका बाहेर, तितका त्याला राइजरभोवती जास्त वाकावं लागतं, आणि तोच बाण मग ताठ ठरतो.

दोन वाटा होत्या. पुढे २०० ग्रेनचं टोक लावून बाण मऊ करायचा, किंवा भिंत पातळ करायची. टोकं हाताशी होती, आधी ती लावली, फरक पडला. पण सगळ्या बाणांची टोकं आणि ब्रॉडहेड बदलण्यापेक्षा एक टूथपिक काढणं सोपं. काढली. नुसतं दीड मिलिमीटरचं चामडं. १७५ ग्रेनलाच दोन्ही बाण एकत्र आले.

उलट अडचण असेल, म्हणजे बाण मऊ असेल आणि बिनपिसाचा उजवीकडे जात असेल, तर हीच टूथपिक तुमच्या कामाची. फेकू नका.

२७ जुलै

पिसं लागतात का हे बघायला घरातून एक संपत आलेली लिपस्टिक मागून घेतली. (विचारलेले प्रश्न इथे लिहीत नाही.) तिन्ही पिसांच्या कडांना लावली आणि बाण मारला. वेल्क्रोवर मधोमध एक स्पष्ट गुलाबी रेघ, भिंतीवर काही नाही.

मागून पाहिलं तर वेगळ्या रंगाचं पीस माझ्याकडून डावीकडे बाहेर, घड्याळात नऊच्या जागी. उरलेली दोन एक आणि पाचवर. पाचवालं शेल्फवर लागतंय. नॉक थोडा फिरवून रंगीत पीस आठच्या जागी आणलं, म्हणजे दुसरी दोन बारा आणि चारवर गेली आणि शेल्फ व भिंत यांच्या कोपऱ्याशी जास्त जुळवून घेऊ लागली. रेघ फिकट झाली. पूर्ण गेली नाही, आणि जाणारही नाही. पीस दबतं, सरकतं आणि पुढे जाऊन उघडतं, त्यासाठीच शेल्फवर पिसं लागतात.

सगळे नॉक फिरवले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाची खूण.

३ ऑगस्ट

ब्रॉडहेड. तीन पात्यांचे, पक्के, न उघडणारे. टार्गेट फोमचं, मागे मातीचा बांध, आसपास कोणी नाही.

बारा मीटर: साध्या टोकांच्या मधे. पंधरा: चार बोटं खाली. अठरा: जवळपास वीतभर खाली. डावं-उजवं काही नाही, म्हणजे स्पाइन ठीक. नुसतं खाली जातंय तर नॉक अजून किंचित वर आहे. बिनपिसाच्या बाणाला जो मिलिमीटर दिसत नाही तो ब्रॉडहेडला दिसतो.

धाग्याची गाठ दोन वेढे खाली फिरवली. अठरा मीटरवर फरक अर्धा झाला. आणखी एक वेढा. आता साधं टोक आणि ब्रॉडहेड एकाच मुठीत. टी-पट्टीने मोजलं तर १३ च्या थोडं खाली. नाच सुरू होतो त्या ८ पासून अजून चांगलं अंतर आहे.

पाती बोटाजवळ येणं ही शेल्फवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट. बाण साडेएकोणतीस आणि ओढ २८, त्यामुळे पातं राइजरच्या पुढेच थांबतं. कुणी हौसेने बाण आखूड कापला असेल आणि तर्जनी पुढे काढून धरायची सवय असेल तर त्याने ब्रॉडहेड लावण्याआधी आरशासमोर साध्या टोकाने ओढून बघावं.

९ ऑगस्ट

भर पावसात तीस बाण. वेल्क्रो भिजलं, फरक पडला नाही. झुडपातून सरकलो, शेल्फवर अडकायला काही नाही. चिखल लागला, अंगठ्याने पुसला. दोन वाजतो तितकं झुकवून बाण चढवून पाऊण तास बसलो, बाण जागचा हलला नाही. शेल्फ आणि भिंत मिळून त्याला कुशीत घेतात.

पिसं मात्र गेली. चिंब झाल्यावर शाफ्टला चिकटली, शेवटचे सहा बाण जवळजवळ बिनपिसाचेच होते. पण बिनपिसाचा बाण सरळ जातो तोवर जुळवलंय म्हणून सहापैकी पाच टार्गेटात. सहावा हरवला.

पाणी धरू न देणारी पावडर मिळते, ती पिशवीत घालून पिसं तिच्यात बुचकळली. तासभर बऱ्यापैकी पाणी झटकतात. भात्यावर प्लास्टिकची टोपी शिवली, तिचा आवाज होतो, तिच्यावर कापड शिवलं. पहिला बाण कोरडा असला म्हणजे झालं.

सारखाच पाऊस असलेल्या भागात मारायचं असेल तर उंच रेस्ट आणि व्हेन्स हाच सरळ मार्ग आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. तसंच धातूच्या राइजरवर, जिथे शेल्फ रुंद आणि सपाट असतो, तिथे उंचवटा घडवत बसण्यापेक्षा पट्टी लावलेला प्लास्टिकचा रेस्ट बरा, फक्त अल्कोहोलने नीट पुसून. माझा शेल्फ गोलसर, अरुंद आणि हँडलच्या लगत आहे. त्याच्यावरूनच मारायचं म्हणून त्याला तसा घडवलाय, आणि हे मला पहिल्या दिवशी बोट फिरवून कळलं असतं.

१४ ऑगस्ट

भावाची चाचणी परत. शेल्फ, वेल्क्रो, कार्बन. दहापैकी शून्य. मग मी मुद्दाम खोकलो तेव्हा त्याने हात वर केला.

२० ऑगस्ट

मोजदाद. रेस्ट चार, त्यांतला एकही आता धनुष्यावर नाही. प्लंजर भावाच्या धनुष्यावर गेला. बाण दोन, एक मोडला, एक हरवला. पिसं अकरा बदलली. एक लिपस्टिक भरून दिली. अकरा आठवडे, त्यांतले पाच निव्वळ नॉकिंग पॉइंटची चूक रेस्टने झाकण्यात.

सध्याची मापं: ब्रेस हाइट (हँडलपासून दोरीचं अंतर) ८ इंच, नॉकिंग पॉइंट पावणेतेरा मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटर, टोक १७५ ग्रेन. टी-पट्टीने मोजून राइजरच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलीत, म्हणजे दोरी बदलली की आठवत बसायला नको. पाकिटात सोबत: वेल्क्रोचे दोन कापलेले तुकडे, अल्कोहोलचा पुसणा, धागा, एक आगकाडी.

काल वेल्क्रो उंचवट्यावर चकाकायला लागलेलं दिसलं, मऊ तंतू झिजलेत. नवा तुकडा लावला. जुना सोलताना खालची काडी मधोमध चेपलेली निघाली, तीही बदलली. दोन बाण मारून पाहिले, उंची तीच.

तरी उद्या बिनपिसाचा एक मारून बघणार.